काळी माती, काँक्रीट आणि पाच टायर

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गावाचे नाव सांगितले की पाठोपाठ प्रश्न येतो, घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे तसे दोन भाग पाडले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पार सातपुड्याला टेकलेले जळगाव जामोद, संग्रामपूर. मलकापूरहून बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट चढावा लागतो. खामगावहून यायचे तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्याचे जंगल. पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती, संग्रामपूरच्या पुढे अंबाबरवा अभयारण्याच्या दगडगोट्यांच्या वाटा. आणि ११ डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने समृद्धी महामार्गाची काँक्रीटची पट्टी, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

फोर-बाय-फोर गाडी बाळगणारा इथला माणूस यातले निदान तीन प्रकार एकाच दिवसात चाकाखाली घालतो. सकाळी पाणंद रस्त्याने शेतात, दुपारी घाट उतरून खामगावच्या बाजारात, संध्याकाळी मेहकरजवळून समृद्धीवर चढून नागपूर. गाडी थार असो, जिम्नी असो की जुनी जिप्सी, एक दिवस टायर घासतात आणि मालक दुकानात उभा राहतो. रिम कंपनीचीच ठेवायची आहे, टायर कोणते घालू? दुकानदार तीन-चार नग काढून दाखवतो, मालक त्यातला सगळ्यात दणकट दिसणारा निवडतो आणि प्रश्न मिटतो. मिटायला नको, कारण मोटारीच्या साऱ्या यंत्रणेत जमिनीला टेकणारी वस्तू ही एकच आहे.

किती टेकते तेही पाहण्यासारखे आहे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दोन टन धरू. प्रत्येक चाकावर ५०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भार पेलते. भागाकार केला की एका चाकाचा जमिनीशी संबंध साधारण २२० चौरस सेंटिमीटरचा निघतो, चारही चाकांचा मिळून ९०० च्याही आत. वाचकाच्या हातातले मासिक उघडून जमिनीवर ठेवले तर त्याची दोन पाने याहून मोठी भरतील. तेवढ्या जागेवर गाडी उभी असते, वळते, ब्रेक मारते आणि राजूर घाटाच्या वळणावर ट्रकला बाजू देते. हिशेब ढोबळ आहे, टायरच्या भिंतीचा ताठरपणाही थोडा भार उचलतो. पण त्यातून एक मोठी गोष्ट हाती लागते. हवा १८ पीएसआयवर आणली की हेच क्षेत्र ३९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे टायर न बदलता, रुपया न खर्चता, चाकाचे पाऊल पाऊणपटीने वाढवता येते. पुढच्या साऱ्या निवडीची किल्ली इथे आहे.

रबरी टायर येण्याआधीही चाकाचा आणि या मातीचा सामना होताच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवत आणि पाणी ओतून आवळत. ही अरुंद धाव काळ्या मातीत खोल रुतायची, पण खालचा मुरूम लागला की बैल गाडा ओढून काढत. शेतवाटेवरच्या चाकोऱ्या त्या काळापासूनच्या. आता त्या ट्रॅक्टर पाडतो. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या विलीज जीपचे टायरही आजच्या मानाने सडपातळच होते. ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि १६ इंची रिमवर बसणारे. त्यांच्या नक्षीचे ठोकळे दोन्ही दिशांना सारखे असत, त्यामुळे गाडी पुढे जाताना जेवढी पकड मिळे तेवढीच मागे घेताना. चिखलात फसलेली गाडी बहुधा मागेच काढावी लागते, हे ध्यानात घेतले तर त्या साध्या नक्षीतले शहाणपण कळते. ट्रॅक्टरच्या टायरचे याच्या उलट आहे. त्याच्या तिरप्या पट्ट्या एकाच दिशेला जोर लावतात. टायर उलटा चढवला तर नांगरट करताना चाक नुसते फिरते. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

विलीजची आणखी एक खूण आजही गावोगाव फिरते. तिच्या चाकाला पाच बोल्ट आणि ते साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. महिंद्राने मुंबईत विलीज जोडायला घेतल्या तेव्हा हे माप भारतात आले आणि जुन्या जीपमधून पुढे चालत राहिले. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी मूळ जपानी, पण तिच्या बोल्टांचे वर्तुळ तेच, आजच्या जिम्नीचेही तेच. महायुद्धातल्या लष्करी गाडीचे एक माप ऐंशी वर्षांनी बोथ्याच्या जंगलातल्या सफारीत सापडावे, हे मला तरी नवलाचे वाटते. मात्र याचा अर्थ एका गाडीची रिम दुसरीला सरसकट चालते असा नाही. मधल्या भोकाचा व्यास आणि रिमचे आतबाहेरचे अंतर, म्हणजे ऑफसेट, वेगळे असतात. बोल्ट बसले म्हणून चाक बसले असे नव्हे.

आता टायरच्या भिंतीवर वाकून पाहू. थारच्या २०२० साली आलेल्या पिढीत लोखंडी रिमच्या गाडीला २४५/७५ आर १६ असा टायर होता. २४५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात १८४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. दोन बाजूंच्या भिंती आणि मधली रिम मिळवली की चाकाची उभी उंची ७७४ मिलिमीटर येते. याच गाडीच्या महागड्या आवृत्तीला १८ इंची अलॉयवर २५५/६५ चा टायर होता. त्याची उंची ७८९ मिलिमीटर, पण भिंत फक्त १६६. चाक मोठे आणि रबर कमी. शोरूमच्या काचेमागे १८ इंची अलॉय उठून दिसते यात शंका नाही. पण भिंत उंच असेल तर दगड लागल्यावर दबायला जागा असते, हवा कमी केली तर पसरायला वाव असतो, आणि लोखंडी रिम वाकली तर गावातला कारागीर ती ठोकून सरळ करून देतो. अलॉयला तडा गेला की विषय संपला. शेतरस्त्यासाठी मला विचाराल तर स्वस्त गाडीचे १६ इंची लोखंडी चाकच सरस.

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, ते ग्राहक सहसा वाचत नाही. आकडा भाराचा. ९६ म्हणजे एका टायरवर कमाल ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १११ म्हणजे १०९०. अक्षर वेगाचे. क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. नवा टायर या दोन्हींत मूळ टायरपेक्षा खाली जाऊ नये. जाड ठोकळ्यांचे चिखलाचे टायर पुष्कळदा क्यूचेच असतात. कायद्याने १२० ची मर्यादा आणि टायर १६० चा, मग अडचण काय, असे वाटेल. पण ते १६० पुरी हवा, योग्य भार आणि धडका टायर धरून ठरवलेले असतात. विदर्भातला मे महिना, टपावर सामान आणि आठवडाभर न तपासलेली हवा त्यात धरलेली नसते.

याच भिंतीवर आणखी दोन खुणा शोधाव्यात. एक चार आकड्यांची, टायर कधी बनला ते सांगणारी. २३२५ असे असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला. दुसरी एम+एस, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण पाहून अनेक जण हाच चिखलाचा टायर समजून घेऊन जातात. पण ती नक्षीच्या मांडणीवरून निर्माता स्वतःच देतो, तिच्यामागे चिखलातली कुठलीही चाचणी नसते. शेजारी डोंगर आणि हिमकणाचे चित्र असेल तर मात्र बर्फावर खरोखर चाचणी झालेली असते. तिचा देऊळगावराजाला काय उपयोग, हे वेगळे सांगायला नको.

रिम कंपनीचीच ठेवायची तर निवडीला आपोआप कुंपण पडते, आणि ते पडलेले बरे. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते याचा पल्ला ठरलेला असतो. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद, मूळ टायर १९५/८० आर १५. या रिमवर २१५/७५ आर १५ बसतो, कारण त्या टायरचा पल्ला साडेपाचपासून सात इंचांपर्यंत आहे. २३५/७५ आर १५ ला निदान सहा इंच लागतात आणि हौशी लोकांचा लाडका ३१ इंची, साडेदहा इंच रुंदीचा टायर सात इंचांखाली चालत नाही. दुकानातल्या यंत्रावर तो चढेल, हवाही धरेल. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पोट फुगते, मधलीच नक्षी घासते आणि टायरचा काठ, म्हणजे बीड, रिमच्या ओठावर हवा तसा बसत नाही. चिखलात हवा कमी करून वळण घेतले की अशा वेळी बीड रिमवरून सुटतो आणि गाडी तिथेच बसते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफाराला बंधन घातले आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तो मुद्दा निघू शकतो.

कुंपणाच्या आत मात्र एक पायरी चढायला हरकत नाही. जिम्नीला २१५/७५ घातला तर चाकाची उंची ६९३ वरून साडेसातशेच्या घरात जात नाही, ७०३ च होते. गाडी पाच मिलिमीटरने उचलली जाते आणि वेगदर्शकात दीड टक्का फरक पडतो. जुन्या जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५, उंची ६६८. तिला हाच २१५/७५ घातला तर गाडी पावणेदोन सेंटिमीटर उंच होते, पण काटा १०० दाखवत असताना गाडी खरी १०५ ने धावत असते. गिअर तेवढे जड होतात, घाटात एक गिअर खाली घ्यावा लागतो, आणि पुढचे चाक पूर्ण वळवून कुठे घासते का तेही पाहावे लागते.

या २१५/७५ आर १५ ची खरी मातब्बरी मात्र आकड्यांत नाही. हे बोलेरोचे माप आहे. बोलेरो बहुतेक टू-व्हील ड्राइव्हच, पण सरपंचापासून दूधवाल्यापर्यंत तिच्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळे हा टायर चिखलीत मिळतो, मेहकरात मिळतो, जळगाव जामोदला मिळतो, आणि एखाद्या आडगावी टायर फाटला तर कुणाची तरी जुनी स्टेपनी वेळेला मिळून जाते. हजार किलोमीटरवरून मागवलेला अनोख्या मापाचा टायर फाटला की आठ दिवस गाडी अंगणात. सहज मिळणारे माप हा गुण कुठल्याही चाचणीत मोजला जात नाही, पण आपल्याकडे तो पहिल्या तीन गुणांत धरावा.

फोर-व्हील ड्राइव्हचा खास पेच याच्या पुढचा आहे. साध्या गाडीचे दोन टायर आज आणि दोन पुढल्या वर्षी बदलले तरी चालते. थार, जिम्नी, जिप्सी यांच्यात फोर-हाय लावले की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडते. दोन्ही सारखेच फिरले पाहिजेत. आता समजा मागे नवे टायर आहेत, आठ मिलिमीटर नक्षीचे, आणि पुढे जुने, दोन मिलिमीटर उरलेले. व्यासात १२ मिलिमीटरचा फरक. ७७४ मिलिमीटरचे चाक किलोमीटरला सुमारे ४११ फेरे घेते, १२ मिलिमीटरने लहान झालेले सुमारे ४१८. अॅक्सलमधल्या दात्यांमुळे हा फरक शाफ्टवर साधारण चौपट होतो, म्हणजे दर किलोमीटरला पंचवीस-सव्वीस फेऱ्यांचे भांडण. चिखलात चाक घसरून तो फरक आपोआप सोडवून घेते. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण शाफ्ट, दाते आणि बेअरिंगवर साठत जातो. लिव्हर अडकते, टायर कुरकुरतात. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-हाय लावू नये असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते ते वळणांवरच्या अशाच फरकामुळे. टायर कमीजास्त घासलेले असतील तर सरळ रस्त्यावरही तीच गत होते.

म्हणून फोर-बाय-फोरला टायर घ्यायचे तर पाच घ्यावेत, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. पाचवा म्हणजे स्टेपनी. तो मागच्या दारावर उन्हात टांगून ठेवण्यापेक्षा पाचही टायर फेरपालटात फिरवले तर सगळे सारखे घासतात, आणि पंक्चरच्या वेळी बाहेर निघते ते चाक बाकी चौघांच्या उंचीचे असते. खर्च अंगावर येतो, हे खरे. पण ट्रान्सफर केसच्या कामाचे बिल ज्याने पाहिले आहे त्याला तो जास्त वाटणार नाही.

आता माती. दख्खनच्या बेसाल्टचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. लोणारला अशनी आदळून १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले ते याच खडकात, आणि हाच खडक युगानुयुगे कुजून आपली काळी माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसून भेगाळतात. कोरडी असताना ती दगडासारखी कडक. पावसाची एक सर आली की वरचे दोन बोटांचे थर साबणासारखे निसरडे आणि सरकीच्या पेंडेसारखे चिकट. टायर चार फेरे फिरतो तेवढ्यात नक्षीतल्या खाचा मातीने बुजतात. मग रबर कुठलेही असो, जमिनीला टेकते ती मातीच, मातीवर. मोठ्या ठोकळ्यांच्या, रुंद खाचांच्या टायरला इंग्रजी अक्षरांत एम-टी म्हणतात. त्याची खुबी खाचेच्या रुंदीत आहे. चाक जोराने फिरवले की माती बाहेर फेकली जाते आणि ठोकळे पुन्हा मोकळे होतात. रस्त्यासाठीच्या एच-टी टायरला ते जमत नाही. मधला ए-टी थोडे जमवतो, थोडे नाही.

रुंदीबद्दल मात्र सरसकट नियम करता येत नाही. घाटावर अनेक ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे अरुंद टायर बैलगाडीच्या धावेसारखा निसरडा थर कापून तळ गाठतो. पूर्णाकाठच्या खोल जमिनीत तळ असा नाहीच. तिथे रुतायचे नसेल तर पाऊल पसरावे लागते, आणि ते रुंद टायरपेक्षा हवा कमी करून जास्त स्वस्तात पसरते.

चिखल दोन-तीन महिन्यांचा. बाकीचे वर्ष टायरचे वैरी वेगळे असतात. कपाशी काढल्यावर उरलेली पऱ्हाटीची खुंटे आणि तुरीची धसकटे तिरपी कापलेली, वाळून खिळ्यासारखी टणक झालेली असतात. बांधावरची बाभूळ आहेच. तळव्यात काटा घुसला तर पंक्चरवाला पट्टी घालून किंवा आतून मशरूम पॅच लावून चाक रस्त्याला लावतो. भिंतीत घुसला तर टायर गेला. भिंत दर फेऱ्याला वाकते, तिथे कुठलाच पॅच टिकत नाही, आणि टिकतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून या जिल्ह्यासाठी ए-टी टायर पाहताना वरच्या नक्षीइतकेच खांद्याकडे पाहावे. नक्षीचे ठोकळे भिंतीवर थोडे खाली उतरलेले असतील आणि भिंत दाबून पातळ लागत नसेल तर तो टायर धसकटांत जास्त दिवस काढतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग एम-टीच घ्यावा. माझे मत उलट आहे, आणि त्याचे कारण समृद्धीवर आहे.

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा आधी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा जोडला गेल्यावर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पुरा झाला. आपल्या जिल्ह्यात तो मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा या बाजूने जातो. लांबच लांब सरळ काँक्रीट, मध्ये ना गाव ना गतिरोधक. १२० च्या वेगाने थारचे चाक मिनिटाला ८२० हून जास्त फेरे घेते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला जवळजवळ चौदा वेळा दबतो आणि सुटतो. रबर दाबायला लागलेली सगळी शक्ती ते परत देत नाही. उरलेली उष्णता होते. हवा कमी असेल तर दबणे खोल, उष्णता जास्त. ठोकळे जाड असतील तर ती बाहेर पडायला वेळ जास्त. खाली उन्हाने तापलेले काँक्रीट. साध्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी एखादे गाव येते आणि टायरला दम घ्यायला मिळतो. इथे दोन-दोन तास मिळत नाही. आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग एकदम चिंधड्या उडतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी गेले. टायर फुटला असे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासात तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा प्रत्येक अपघात टायरच्या नावावर लिहू नये. पण टायरची भीती या रस्त्यावर खोटीही नाही. त्याच वर्षी परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत झालेल्या गाड्यांना वर चढू न देण्याची मोहीम घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमाने मोटारीच्या टायरला निदान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. खाचांच्या तळाशी तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. फोर-बाय-फोरवाल्याने तर त्याआधीच, तीन मिलिमीटरच्या आसपास, विचार सुरू करावा. चिखलासाठी तोवर तो टायर निकामी झालेलाच असतो.

पावसाचा मुद्दाही वेगाशीच बांधलेला आहे. रस्त्यावर साचलेले पाणी खाचांतून बाहेर पडू शकले नाही तर चाक पाण्यावर तरंगते. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवरून काढलेल्या सूत्राने हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेला आहे. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या जवळपास येतो, २० पीएसआयला ७५ च्या. हे आकडे गुळगुळीत टायरचे किंवा खाचांपेक्षा खोल पाण्याचे. चांगल्या नक्षीने वेग थोडा पुढे ढकलला जातो. एम-टीच्या रुंद खाचा पाणी वाहून नेतात हे खरे, पण ओल्या काँक्रीटवर ब्रेक लावताना रबराचे क्षेत्र आणि बारीक चिरा कामाला येतात, आणि दोन्ही त्याच्याकडे कमी. देशात ओल्या रस्त्यावरची पकड आणि लोळण्याचा रोध यांची मानके ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना लागू झाली, ती उगीच नव्हे.

तेव्हा माझी शिफारस अशी. टायर काँक्रीटच्या बाजूने निवडावा आणि मातीशी जुळवून घेण्याचे काम हवेवर सोपवावे. मूळ मापाचा किंवा रिमच्या पल्ल्यात बसणारा एक पायरी मोठा, मध्यम नक्षीचा ए-टी, भार आणि वेग मूळ टायरइतका किंवा वरचा. वर्षातून दोनदा लोणार पाहायला आणि एरवी शहरात फिरणाऱ्याला एच-टी पुरे. त्याला ए-टीही शोभेचाच. ज्याचे शेत पावसाळाभर रस्त्यापासून तुटलेले असते, ज्याला रोज चिखल तुडवावा लागतो आणि समृद्धीशी ज्याचा संबंध नाही, त्याने एम-टी खुशाल घ्यावा, आवाज आणि डिझेलची तयारी ठेवून. फार दणकट हवा म्हणून एल-टी अक्षरांचा दहा प्लायचा टायर घेणाऱ्याने एवढे पाहावे की तोच भार पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या चिकटपट्टीवरचा दाब मूळ टायरचा आहे, त्याचा नाही.

हवेवर सोपवायचे तर दोन वस्तू गाडीत लागतात, दाबमापक आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा काँप्रेसर. पाणंदीत शिरण्याआधी १८-२० पीएसआय, वेग माणसाच्या धावण्याइतका, वळण हळू. बाहेर आले की तिथेच उभे राहून पुन्हा पूर्ण हवा. पुढे पेट्रोल पंप आहे, तिथे भरू, असे म्हणून निघालेली गाडी पंप ओलांडून समृद्धीवर चढते, आणि चिखलात ज्या कमी हवेने तारले तीच काँक्रीटवर टायर शिजवते. नायट्रोजन भरला म्हणजे हे टळते असाही समज आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलेला वायू कोरडा असल्याने दाब थोडा स्थिर राहतो, एवढाच त्याचा लाभ. कमी भरलेला नायट्रोजन कमी भरलेल्या हवेइतकाच वाईट.

दुकानात पाचही टायरांच्या तारखा आपण वाचाव्यात, शक्यतो एकाच काळातल्या. कागदात गुंडाळलेला टायर ताजाच असतो असे नाही. कारागीर जुना टायर टॉमीने सोडवतो तेव्हा रिमच्या ओठावर गंज आणि वाळलेली माती दिसेल. ती तारेच्या ब्रशने घासून घ्यायला लावावी, नाहीतर नवा टायरही हळूहळू हवा सोडत राहतो. व्हॉल्व्ह नवे घालावेत, त्यांची किंमत चहाइतकी असते. मग बीडला साबणाचे पाणी, हवेचा झोत, आणि एकापाठोपाठ दोन फटाके. दोन्ही बाजूंचे बीड बसल्याचा तो आवाज. रिमच्या कडेने टायरवर एक बारीक रेघ फिरलेली असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, ते चाक हाताने फिरवून पाहावे. एका जागी आत गेलेली दिसली तर हवा सोडून पुन्हा बसवायला सांगायचे, बॅलन्सिंगचे वेट लावायच्या आधी. नट समोरासमोरचे आलटून पालटून, शेवटी हाताच्या पान्याने आवळलेले हवेत. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, स्टेपनीची हवा त्याच वेळी पाहावी, आणि पाचही टायरांची नक्षी मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवावी. फेरपालट केव्हा करायची ते पुढे ती वहीच सांगते.